आम्ही चौघंच राहतो

१९८९ साली आम्ही पुण्यात, कसबा पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या तेव्हा मी सात वर्षांची होते. टेंपोतून सामान उतरायच्या आधी बाबांनी मला आणि दादाला बाजूला घेतलं. म्हणाले, "घरात किती माणसं असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? आम्ही चौघंच राहतो." आम्ही माना डोलावल्या. खरं तर आम्ही सहा जण होतो. आजी गुडघे दाखवायला म्हणून गावाहून यायची ती चार-चार महिने राहायची. आणि काका. बाबांचा धाकटा भाऊ. डिप्लोमाला ॲडमिशन मिळाली होती, होस्टेलला नंबर लागला नव्हता.

आजी पाहुणी म्हणून खपायची. वीस वर्षांचा, सहा फुटी काका खपण्यासारखा नव्हता. घरमालक वरच्या मजल्यावर राहायचे आणि जिना उतरताना त्यांची नजर आधी भाडेकरूंच्या उंबऱ्यांकडे जायची, चपलांवर. म्हणून काकाच्या चपला पलंगाखाली, वर्तमानपत्र अंथरून त्यावर. तो पहाटे नळाला गर्दी व्हायच्या आत अंघोळ उरकून बाहेर पडायचा, दिवसभर कॉलेज, संध्याकाळी अभ्यासिका, आणि रात्री साडेदहानंतर वाडा निजला की परत. आई त्याचं ताट झाकून ठेवायची. तो आला की दाराची कडी काढायची, पण ती लोखंडी कडी फार वाजायची, म्हणून आधी तिच्याभोवती पदराचं टोक गुंडाळायची आणि मग हळूच सरकवायची. पांघरुणातून मी ते रोज बघायचे. आईच्या बहुतेक सगळ्या साड्यांच्या पदराला त्या एका टोकाशी गंजाचा तपकिरी डाग होता.

हे सगळं सांगायचं कारण, 'अशी ही बनवाबनवी' मी पहिल्यांदा पाहिला तो याच वाड्यात राहत असताना. १९९१चा गणेशोत्सव. मंडळानं व्हीसीआर भाड्यानं आणला होता, मांडवात टेबलावर टेबल चढवून वर रंगीत टीव्ही ठेवला होता आणि सगळी आळी सतरंज्यांवर बसली होती. तेव्हापासून आजपर्यंत हा सिनेमा किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. दिवाळीत, लग्नघरी, दुपारी टीव्हीवर लागलेला दिसला म्हणून, आजारपणात. आमच्या पिढीतल्या कुठल्याही मराठी घरात हेच उत्तर मिळेल. मला त्यातला मुद्दा कळायला मात्र फार वर्षं लागली, आणि कळल्यावर तो सिनेमा मला आणखी आवडायला लागला.

हा सिनेमा घराबद्दल आहे. बायकांच्या वेशातले दोन पुरुष ही त्याची गंमत झाली. त्याचा विषय राहायला जागा मिळणं हा आहे. १९८८ साली सचिन पिळगांवकरांनी तो दिग्दर्शित केला, लिहिला वसंत सबनीसांनी. कथेचं मूळ हृषिकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'मध्ये, आणि त्या हिंदी नावात सगळं आलंच आहे: बायको आणि घर. एक असल्याशिवाय दुसरं मिळत नाही. धनंजय माने आधीच भाडेकरू, त्यात धाकटा भाऊ शंतनू शिकायला येतो, मग सुधीर आणि परश्या येऊन धडकतात. एका खोलीत चार तरुण. सरपोतदार त्यांना बाहेर काढतात. पुढची जागा मिळते ती लीलाबाई काळभोरांकडे, पण तिथे अट अशी की जोडपंच हवं. मग परश्याची पार्वती होते आणि सुधीरची सुधा.

या सिनेमातलं सगळ्यांत लाडकं वाक्य आठवा. मीम झालं, टी-शर्टवर छापलं गेलं, लोक एकमेकांच्या दारात उभे राहून ते म्हणतात. "धनंजय माने इथेच राहतात का?" यात कोटी नाही, चमत्कृती नाही, शब्दाचा खेळ नाही. नुसता पत्ता विचारलाय. एका माणसानं दुसऱ्याला विचारलंय की अमुक माणसाला या शहरात राहायला जागा आहे ना, ती हीच ना. आणि त्यावर अख्खा महाराष्ट्र तीस-पस्तीस वर्षं हसतोय. ज्या घरात 'आम्ही चौघंच राहतो' हे वाक्य पोरांकडून पाठ करून घेतलं जायचं, त्या घरातल्या माणसाला त्या प्रश्नाचं वजन बरोबर कळतं. आमच्या दारात येऊन कुणी काकाचं नाव घेऊन 'इथेच राहतात का' असं मोठ्यानं विचारलं असतं, तर आईच्या हातातली कढई पडली असती.

घरमालक मंडळी अशी का वागायची, हेही मोठेपणी कळलं. मुंबई इलाख्याचा १९४७चा भाडेनियंत्रण कायदा. युद्धानंतर शहरांत माणसं लोटली होती, भाडी भडकू नयेत म्हणून तो आला, आणि भाडं बांधून दिलं ते १ सप्टेंबर १९४० रोजी होतं त्याच्या आसपास. भाडेकरूला सहजी काढता येईना आणि भाडं वाढवता येईना. वाड्यांचे वासे कुजले तरी दुरुस्तीला पैसा निघेना. पुढे अर्धशतक हे असंच चाललं; नवा कायदा १९९९चा, लागू झाला २०००मध्ये. म्हणजे ज्या काळात हा सिनेमा घडतो त्या काळात घरमालक नव्या भाडेकरूकडे 'हा आता आत शिरला की जन्माचा' याच भीतीनं बघायचा. माणसं मोजायचा, चपला मोजायचा, आडनाव विचारायचा, लग्न झालंय का विचारायचा. सुधीर जोशींनी केलेला सरपोतदार बघताना मला म्हणून आता राग येत नाही. त्या माणसाच्या कपाळावरची आठी खरी आहे. त्यांनी तो कजाग केलाय, पण दुष्ट केलेला नाही. आपल्याच छपराखाली आपल्याला कुणी विचारत नाही, अशी त्याची तडफड आहे.

सरपोतदारांच्या मधुमेहाच्या औषधाचा प्रसंग घ्या. औषध इस्रायलहून आणून देणारा मित्र, त्याच्यापायी दिलेले सत्तर रुपये, आणि तो मित्र वारल्याची बातमी. मित्र वारले आणि त्यांच्याबरोबर सत्तर रुपयेही वारले. हा विनोद दुसऱ्या कुठल्या भाषेत नेऊन दाखवा. आदराचं अनेकवचन आणि नुसतं अनेकवचन मराठीत एकाच रूपात बसतात, म्हणून 'वारले' हा एकच शब्द मित्रालाही लागतो आणि रुपयांनाही. सबनीसांनी तो शब्द नुसता ठेवून दिलाय, त्याच्याकडे बोट दाखवलेलं नाही. आणि अशोक सराफ तो ज्या शांतपणे घेतात! थाप मारताना इतर नट घाई करतात. सराफ थाप मारून झाल्यावर क्षणभर थांबतात, समोरच्यानं ती गिळली का हे डोळ्यांनी तपासतात आणि मगच पुढची मारतात. त्या क्षणात धनंजय मान्याचं आख्खं आयुष्य दिसतं. नोकरी जाईल, खोली जाईल, भावाचं शिक्षण जाईल. मला ते डोळे फार ओळखीचे आहेत. बाबा घरमालकांशी जिन्यात बोलत असायचे तेव्हा त्यांचे तसेच असायचे.

साड्यांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण आजकाल या सिनेमाबद्दल शंका येते ती इथेच. पुरुषानं साडी नेसली की हसायचं, यात बाईची टिंगल नाही का? मीही या प्रश्नावर बराच काळ अडले होते. मला सोडवलं ते आजीच्या एका वाक्यानं. मांडवात सचिनची सुधा पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा सगळे हसले आणि आजी म्हणाली, "पदर बघ कसा घेतलाय. मुलींना येत नाही असा." तिनं दाद दिली होती, बाईनं बाईच्या नेसण्याला द्यावी तशी. तिच्या वडिलांनी बालगंधर्वांची नाटकं पाहिली होती आणि घरी येऊन ते त्यांच्या शालूचं वर्णन करायचे. बालगंधर्वांचा जन्म १८८८चा. म्हणजे हा सिनेमा आला ते त्यांचं जन्मशताब्दीचं वर्ष होतं. ज्या माणसाचं नेसणं, अंबाड्यावरचा गजरा बघून घरंदाज बायका आपली वेशभूषा बदलायच्या, त्याच्या महाराष्ट्रात पुरुषानं साडी नेसणं ही मुळात कला आहे, तिला घराणी आहेत.

या सिनेमात दोन घराणी शेजारी-शेजारी उभी आहेत. सचिनची सुधा ही संगीत नाटकातल्या स्त्री पार्टच्या वाटेनं आलेली: मान किंचित कलती, नजर खाली, हात जपून. बघता बघता आपण विसरतो. लक्ष्मीकांत बेर्ड्यांची पार्वती आलीय तमाशातून, वगनाट्यातून. तिथे सोंग हे सोंग आहे हे प्रेक्षकाला सतत ठाऊक असावं लागतं. पार्वती पदर सावरते, पण चाल परश्याचीच राहते. आवाज बाईचा निघतो आणि राग आला की पुरुष वर येतो. सबनीस म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे. लोकनाट्याची नस त्यांना ठाऊक होती, म्हणूनच ही पार्वती एवढी मोकळी आहे. यातल्या एकाच घराण्याचे दोन नट घेतले असते तर सिनेमा अर्धा तासही टिकला नसता. आणि दोघांपैकी कुणीही बाईला हसत नाही. हसायला येतं ते बाई होणं किती अवघड आहे याचं. डोहाळजेवणाचं गाणंच बघा. पोटुशी नसलेल्या, बाई नसलेल्या पार्वतीला सगळ्या बायका कौतुकानं घेरून बसल्यात, आणि तिच्या चेहऱ्यावर घाबरलेला परश्या आहे. पुढे काय झालं पाहा. 'कुणीतरी येणार येणार गं' हे गाणं आज खऱ्याखुऱ्या डोहाळजेवणांत वाजतं. वहिनीच्या वेळी आमच्याकडेही वाजलं. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, झोपाळा, आणि पुढे ते गाणं. कुणाच्या मनातही आलं नाही की हे गाणं एका थापेसाठी रचलंय. अरुण पौडवालांनी चाल तशी दिलीच नाही. त्यांनी खऱ्या बाळासाठी चाल दिली, आणि म्हणून ते गाणं सिनेमातून उठून घराघरात जाऊन बसलं.

टिकलं नाही असंही काही आहे. प्रेमात पडलेल्या मुलींना प्रेमात पडण्यापलीकडे फारसं काही करायला दिलेलं नाही. अश्विनी भावेंची माधुरी दुकानाची मालकीण आहे, धनंजय तिच्या हाताखाली नोकर आहे, यातून केवढं काय निघालं असतं! ते दार थोडंसं उघडून सोडून दिलंय. उत्तरार्धातल्या काही कोट्यांना आता मी हसत नाही. एवढंच.

सिनेमाचा खरा जीव मला सापडला डोंबिवलीत. २००६ साली मुंबईत नोकरी लागली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. एकट्या मुलीला जागा द्यायला कुणी तयार नाही. दोन मैत्रिणींना मिळून तर त्याहून नाही. एजंट पहिला प्रश्न विचारायचा, "फॅमिली आहे का?" शेवटी मी आणि माझी मैत्रीण मावसबहिणी झालो. लोकलमध्ये बसून आम्ही मावशीचं नाव, काकांची नोकरी, लग्नं कुणाची कुठे झाली हे सगळं ठरवून घेतलं. एका विधवा बाईंनी आम्हाला त्यांच्या ब्लॉकमधली एक खोली दिली. अकरा महिन्यांचा करार.

आधी मजा वाटली. आम्ही एकमेकींना हळूच पार्वती आणि सुधा म्हणायचो. मग हळूहळू मजा संपली, कारण बाई चांगल्या निघाल्या. आम्हाला उशीर झाला तर गॅलरीत उभ्या राहायच्या. मैत्रिणीला कावीळ झाली तेव्हा त्यांनी तीन आठवडे तिला पथ्याचं रांधून घातलं आणि मला म्हणाल्या, "तुझ्या मावशीला कळव गं, पोरीची आई काळजीत असेल." त्या रात्री मी नसलेल्या मावशीला फोन लावल्याचं नाटक केलं, दुसऱ्या खोलीत त्या ऐकत असताना.

तेव्हा मला लीलाबाई काळभोर कळल्या. नयनतारांनी ती बाई किती मायेनं उभी केलीय हे लहानपणी लक्षातही आलं नव्हतं. सबनीसांनी आणि सचिननी घरमालक दोन ठेवलेत, एकापाठोपाठ एक. सरपोतदारांशी खोटं बोलताना कुणाला काही वाटत नाही, प्रेक्षकालाही नाही. कडक माणसाला फसवणं सोपं असतं. मग त्याच चौघांना अशा बाईच्या घरात आणून ठेवलंय जी त्यांना जीव लावते, आणि तिथून पुढची प्रत्येक थाप जड होत जाते. हसू थांबत नाही, पण त्याच्या तळाशी आता काहीतरी साचत असतं. ही माणसं लबाड नाहीत. त्यांना छप्पर हवं होतं, ते मिळालं, आणि छपराबरोबर आई मिळाली, जिला खरं सांगता येत नाही. पळापळ, वेशांतर, दाराआडून डोकावणं हे सगळं दुसऱ्या शंभर सिनेमांत आहे. हा एक जो पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो, तो या साचलेल्या गोष्टीमुळे. त्यात फसवला जाणारा माणूस मूर्ख नाही, प्रेमळ आहे.

आम्ही डोंबिवलीच्या बाईंना खरं कधीच सांगितलं नाही. संक्रांतीला मी अजून त्यांना फोन करते. त्या अजून विचारतात, "तुझी मावसबहीण कशी आहे?"

लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले, शंतनू झालेला सिद्धार्थ रेही त्याच वर्षी. सुधीर जोशी गेले, नयनतारा गेल्या, बळीची भूमिका करणारे विजू खोटे गेले. सबनीस तर त्याआधीच. आता तो सिनेमा लागला की पडद्यावर न राहिलेल्यांची गर्दी दिसते आणि तरी घर भरल्यासारखं वाटतं. गेल्या दिवाळीत भाचा शेजारी बसून बघत होता. तो सध्या हिंजवडीला जागा शोधतोय. मध्येच म्हणाला, "आत्या, आमच्या ग्रुपवर ब्रोकरचा मेसेज बघ." फोन पुढे केला. दोन बीएचके, फक्त फॅमिली, बॅचलरनी फोन करू नये. आणि खाली आणखी एक ओळ, घरात काय शिजवलं तर चालणार नाही याची. मी फोन परत दिला. टीव्हीवर धनंजय माने बायकोची ओळख करून देत होते.

त्या गणपतीतल्या रात्रीचं सांगायचं राहिलं.

सिनेमा नऊला सुरू झाला होता. घरमालक पुढे लोखंडी खुर्चीत, शाल पांघरून. आम्ही मागे सतरंजीवर. काका अभ्यासिकेतून परत आला तेव्हा वाडा सगळा मांडवात होता, घराला कुलूप होतं आणि किल्ली आईच्या कमरेला. बिचारा कुठे जाणार? तो येऊन अंधारात आमच्या मागे, खांबाला टेकून बसला. बाबांनी त्याला डोळ्यांनी दटावलं, तसा तो आणखी मागे सरकला. पण काकाचं हसू. आमच्या गावी म्हणायचे, हा हसला की गोठ्यातली जनावरं उठतात. महिनोन् महिने तो त्या खोल्यांत कुजबुजत जगत होता. खोकलासुद्धा उशीत. आणि समोर पार्वती पदर खोचून चालायला लागली. आधी त्यानं तोंडावर हात धरला. मग दोन्ही हात. मग ते फुटलं. आख्खा मांडव पडदा सोडून मागे वळला, आणि सगळ्यात आधी वळले ते घरमालक.

त्यांच्याही डोळ्यांत हसून हसून पाणी आलेलं होतं. शालीच्या टोकानं ते पुसत त्यांनी काकाकडे पाहिलं, मग बाबांकडे. मग पुन्हा टीव्हीकडे वळले. बाबा त्यानंतर एकदाही हसले नाहीत.

पहिल्या तारखेला बाबा भाडं द्यायला वर गेले ते चेहरा पाडूनच. आई खाली जिन्याशी उभी होती. घरमालकांनी पैसे मोजले, पावती लिहिली, आणि पावती हातात देताना म्हणाले, "पाण्याचे यापुढे सहा जणांचे द्या." तेवढंच. बाबांनी खिशातून वरचे पैसे काढून दिले आणि खाली आले. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी मी शाळेतून आले तर उंबऱ्याबाहेर काकाच्या चपला होत्या, सगळ्यांच्या चपलांच्या रांगेत, खूप मोठ्या.